तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : आजोबांचा ट्रॅक्टर आणि जाम झालेला क्लच

यावेळी पत्रं बरीच आली आणि निम्म्याहून जास्त जुन्या ट्रॅक्टरची. पहिलं उत्तर लांबलंय, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न : नमस्कार. आमच्या आजोबांनी घेतलेला इंटरनॅशनल बी-२७५ गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभा होता. मी आणि चुलतभावाने नवीन बॅटरी आणली, टाकी धुतली, फिल्टर बदलले आणि इंजिन चालू केलं, सुरुवातीला धूर लई झाला पण नंतर मस्त चाललं. आता अडचण अशी की क्लच दाबून गिअर टाकायला गेलं की नुसतं करकरतं, गिअर पडतच नाही. इंजिन बंद असताना गिअर पडतो, पण मग सेल्फ मारला की क्लच पूर्ण दाबलेला असला तरी ट्रॅक्टर पुढं उडी मारतो. मिस्त्री म्हणतो मधून तोडल्याशिवाय (म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळं केल्याशिवाय) इलाज नाही. चुलते म्हणतात दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून झटका द्या. वडिलांना तो रंगवून परत दारात चालता बघायचाय. काय करू? — एक वाचक, कराड तालुका

दादा, पहिली गोष्ट म्हणजे इंजिन चालू झालं, अर्धं काम झालं. आणि तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की बघायची गरजच नाही, क्लच प्लेट चिकटलीय. होतं काय, प्लेट एका बाजूने फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागचं जड चाक) आणि दुसऱ्या बाजूने प्रेशर प्लेटला (स्प्रिंगांनी दाबणारी चकती) दाबून बसलेली असते, ट्रॅक्टर उभा राहिला की दोन-चार पावसाळ्यांत ओल आत जाते, बिडाच्या तोंडाला गंज धरतो आणि तो गंज लायनिंगमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या थरात, घट्ट बसतो. मग तुम्ही पेडल दाबता तेव्हा प्रेशर प्लेट मागे सरकते पण प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेलीच राहते आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनबरोबर फिरतच राहतो.

तरी आधी बाकीचे संशय काढून टाका. पेडल दाबताना खाली कुणालातरी झोपवून बघायला सांगा (इंजिन बंद, चाकांना दगड) की पेडलचा रॉड आणि बाहेरचा लिव्हर खरंच हलतोय का. बऱ्याचदा पेडलचा शाफ्टच बुशमध्ये गंजलेला असतो, किंवा पिना झिजून पेडलची निम्मी चाल वायाच जाते, आणि लोक बिचाऱ्या क्लचला शिव्या देतात. मग गिअरमध्ये टाका, पेडल पूर्ण दाबून धरा आणि दोघातिघांनी ट्रॅक्टर ढकलून बघा. चाकं अजिबात हलत नसतील किंवा इंजिनसकट फिरत असतील तर प्लेट चिकटलीय. ट्रॅक्टर थोडा जड पण सरकत असेल तर प्लेट सुटलेली आहे आणि गडबड पायलट बेअरिंगमध्ये (फ्लायव्हीलच्या मधोमध शाफ्टचं टोक धरणारं) किंवा शाफ्टच्या दात्यांवर आहे, तिथे झटक्याने काही होत नाही, उघडावंच लागतं. तुमचा उडी मारतोय म्हणजे पहिला प्रकार.

आता मिस्त्री आणि चुलते दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, तोडून काम होतं आणि झटक्यानेही क्लच सुटतो, फक्त नंबर आणि पद्धत चुकलीय. तोडायचं सगळ्यात शेवटी, आणि ओढून झटका द्यायचा तर मी म्हणेन देऊच नका. पुढचा ट्रॅक्टर चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि क्लच सुटला नाही तर मागचा माणूस अडकतो.

सुरुवात सगळ्यात आळशी उपायाने करा. पेडल पूर्ण दाबा आणि लाकडाचा ठोकळा लावून तसंच अडकवून ठेवा, इंजिन बंद, आठवडाभर राहू द्या. रोज येताजाता पेडल सोडून परत दाबा. अधूनमधून न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून अर्धा तास चालू द्या म्हणजे फ्लायव्हील गरम होतं, परत बंद करून पेडल दाबून ठेवायचं. गरम-थंड गरम-थंड होताना गंजाची पकड सुटते. हसू नका, बऱ्याच ट्रॅक्टरचं काम एवढ्यावरच होतं. आणि कोणीतरी सांगेल की वरून डिझेल नायतर गंज सुटायचं तेल सोडा आत, ते मात्र अजिबात करू नका. तेल लायनिंगमध्ये मुरतं, क्लच सुटेल एकवेळ पण मग नांगराला लावला की स्लिप होणार, आणि शेवटी तोडायला लागणारच.

एवढ्याने नाही सुटला तर खाली बघा. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरला बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीचं बिडाचं कवच) तळाला किंवा बाजूला छोटं झाकण असतं, दोन-चार बोल्टचं. ते काढलं की टॉर्चच्या उजेडात प्लेटची कड दिसते. ट्रॅक्टरच्या बॅटरीची वायर काढून ठेवा (हे विसरू नका, आत हात असताना कुणी सेल्फ मारला तर बोटं जातात), पेडल दाबून अडकवा आणि पातळ पत्र्याची पट्टी किंवा हॅक्सॉचं जुनं पातं प्लेट आणि फ्लायव्हीलच्या मध्ये हळूच सरकवा. फ्लायव्हील थोडं थोडं फिरवत पूर्ण गोल करा. स्क्रू ड्रायव्हर घालून पिरगाळायचा नाही, लायनिंगचा तुकडा उडतो.

तिसरा उपाय म्हणजे चालवून सोडवायचा. हा काम करतो पण धोक्याचा आहे म्हणून नीट वाचा. मोकळं, सपाट, लांबलचक रान पाहिजे, समोर विहीर, बांध, माणूस, जनावर काही नको. मडगार्डवर कुणी बसायचं नाही, मागे ट्रॉली-अवजार काही नाही. आधी न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून ब्रेक आणि इंजिन बंद करायची ओढणी दोन्ही तपासा. ज्या ट्रॅक्टरचा क्लच जाम आहे त्याचे ब्रेक पण इतकी वर्षं तसेच पडलेले असतात हे कुणाच्या लक्षात येत नाही! दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने एकत्र जोडा, नायतर एकच चाक थांबेल आणि ट्रॅक्टर गर्रकन वळेल. इंजिन चांगलं तापू द्या, बंद करा, मधला गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा आणि सेल्फ मारा. ट्रॅक्टर चालू होऊन निघेल. क्लच दाबलेलाच ठेवून थोडी रेस वाढवा, सोडा, आणि रेस सोडल्या सोडल्या दोन्ही ब्रेक जोरात पण झटक्या-झटक्याने मारा. सुटला तर टक्क असा आवाज येतो, ट्रॅक्टर थांबतो आणि इंजिन चालू राहतं. चार-पाच झटक्यांत नाही सुटला तर ओढणी ओढून बंद करा आणि नाद सोडा, जास्त झटके दिले की प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा नायतर रिव्हिट तुटतात. पहिला गिअर का नाही तर त्यात चाकाला मारलेल्या ब्रेकचा जोर क्लचपर्यंत फारच कमी पोचतो, आणि एकदम टॉपमध्ये सेल्फला ट्रॅक्टर ढकलवत नाही.

सुटला तरी लगेच पेढे वाटू नका. थोडे दिवस हलक्या कामाला लावा, क्लच घासून घासून गंज उतरेल. घसरायला लागला, जळका वास आला किंवा गिअर टाकताना अजून करकर असली तर मिस्त्रीला बोलवाच.

तोडायची वेळ आलीच तर

बी-२७५ काय, मॅसी काय, या पिढीच्या ट्रॅक्टरला क्लचपर्यंत पोचायला इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळं करावं लागतं, दुसरी वाट नाही. बॉनेट, टाकी, वायरिंग, डिझेल पाइप, स्टिअरिंगचा दांडा, रेसचा रॉड, असेल तर हायड्रॉलिकचे पाइप, सगळं सोडवायचं. प्रत्येक गोष्टीचा फोटो मोबाइलवर काढा, बोल्ट वेगवेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर लिहा.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच अपघात होतात. पुढचा एक्सल मध्ये एका पिनेवर झुलता असतो. ट्रॅक्टर जोडलेला असतो तोवर मागची चाकं त्याला सरळ धरतात, एकदा का मधून सुटला की इंजिन त्या पिनेवर एका बाजूला कलंडतं. म्हणून बोल्टला पाना लावायच्या आधी एक्सलच्या दोन्ही बाजूंना, एक्सल आणि वरच्या बिडाच्या मध्ये, पक्क्या लाकडाच्या पाचरी ठोकून बसवा. गिअरबॉक्सखाली मजबूत स्टँड, नुसता जॅक नाही. विटा तर अजिबात नाही, वीट वजनाखाली न सांगता फुटते. वर चेन ब्लॉक असेल तर उत्तम. मागची चाकं अडवून ठेवा आणि पुढचा इंजिनचा भाग हळूहळू सरळ पुढे न्यायचा, वाकडा ओढला तर शाफ्ट प्लेटच्या दात्यांत अडकून प्लेट वाकते.

आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या क्लच आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ते फुफ्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून टाका.

मग आत काय काय बघायचं. फ्लायव्हीलवर नुसता गंज असेल तर पॉलिश पेपरने जातो, पण निळे डाग, बारीक चिरा किंवा बोटाला लागतील असे चर असतील तर लेथवर फेसिंग मारून घ्या. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा आणि फिंगर (तिला मागे ओढणारे छोटे लिव्हर) बघा, सगळ्या फिंगर एका उंचीत पाहिजेत, एक जरी वरखाली असली तरी क्लच थरथरतो. रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की फिंगर ढकलणारं) आणि पायलट बेअरिंग हातात फिरवून चांगले वाटले तरी नवीन टाका. इंजिनच्या मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील पण आत्ताच बदला. का, तर मजुरी ट्रॅक्टर तोडायची आणि जोडायची असते, सील काही फार महाग नसतं, आणि नवीन प्लेटवर महिन्याभरात तेल उतरलं तर सगळा खेळ पहिल्यापासून.

नवीन प्लेट घेताना जुनी दुकानात घेऊन जा, दाते मोजा, व्यास जुळवा. मॉडेलच्या नावावर भरवसा ठेवू नका, इतक्या वर्षांत कुणी काय बसवलंय देव जाणे. बसवताना प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे हे त्यावर लिहिलेलं असतं, उलटी बसली तर सगळं परत उघडा. शाफ्टच्या दात्यांवर ग्रीसचा अगदी पातळ हात, जास्त लावलं तर फिरताना उडून लायनिंगवर जातं. प्लेट मधोमध बसवायला डमी शाफ्ट लागतो, मिस्त्रीकडे असतोच, नसेल तर जुन्या गिअर शाफ्टचा तुकडा चालतो. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत न्या. शेवटी पेडलचा फ्री प्ले, म्हणजे वरची मोकळी चाल, साधारण इंचभर असते पण तुमच्या मॉडेलचं माप पुस्तकात बघून ठेवा. अजिबात चाल ठेवली नाही तर रिलीज बेअरिंग कायम टेकून राहून जळतं.

रंगाचं म्हणाल तर रंग सगळ्यात शेवटी. वडिलांना घाई असेल, पण आधी रंगवला की सील बदलताना, पाइप सोडताना परत ओरखडे पडतात आणि जीव हळहळतो. पहिला हंगाम तसाच चालवा, गळती-बिळती सगळी कळू द्या, मग धुवा, गंज काढा, प्राइमर मारा, रंगवा. आणि बॉनेटवरची जुनी अक्षरं, आजोबांनी लिहून घेतलेलं नाव असं काही असेल तर पेंटरला आधी दाखवा आणि फोटो काढून ठेवा, एकदा पॉलिश पेपर फिरला की ते गेलं.

प्रश्न : आमचा पण बी-२७५ आहे. हा महिंद्राचा की इंटरनॅशनलचा? गावात यावरून पैज लागलीय. — एक वाचक, बार्शी

दोघांना पैसे अर्धे अर्धे वाटून द्या. मूळ ट्रॅक्टर इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या इंग्लंडमधल्या शाखेचा. या कंपनीने १९५४ मध्ये ब्रॅडफर्डजवळचा जोवेट मोटारींचा कारखाना विकत घेतला, तिथे आधी बी-२५० आणि १९५८ पासून बी-२७५ बनायला लागला. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, पस्तीस एचपीच्या आसपास, पुढचे आठ गिअर आणि रिव्हर्सचे दोन. इकडे १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि हाच ट्रॅक्टर आपल्याकडे आणला, मुंबईत कांदिवलीला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. म्हणून तुमच्या ट्रॅक्टरवर कुठलं नाव आहे ते तो कधीचा आहे यावर ठरतं. पार्ट घेताना मात्र दुकानदाराला नुसतं "२७५" म्हणू नका, पुढे २७५ डीआय आला, त्याचं इंजिन वेगळं, आणि तुमच्या हातात भलतंच काहीतरी येईल.

प्रश्न : बंद ट्रॅक्टरचं इंजिन पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यायची? भाऊ म्हणतो डायरेक्ट सेल्फ मार. — एक वाचक भगिनी, जत

ताई, भावाला जरा थांबवा. आधी ऑइल काढून बघा पाणी आहे का, नवीन भरा, रेडिएटरचं पाणी बदला. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या आणि पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन चकरा फिरतंय का बघा. फिरलं तरच पुढे. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका, फिल्टर नवीन, पाइपमधली एअर काढा. एअर क्लीनरच्या भांड्यात उंदराचं घरटं निघतंच निघतं, ते आधी साफ करा.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोक सांगतात. डिझेल पंपाची आतली रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारा दांडा, वर्षानुवर्षं पडून फुल डिझेलवर अडकलेली असू शकते. इंजिन चालू होतं आणि रेस चढतच जाते, ओढणी ओढली तरी बंद होत नाही, मिनिटाच्या आत इंजिन फुटू शकतं. म्हणून पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून तिथे एक माणूस जाड लाकडी फळी घेऊन उभा करा, रेस हाताबाहेर गेली तर फळी तोंडावर दाबायची, हवा बंद झाली की इंजिन बंद. हात किंवा फडकं लावायचं नाही, आत ओढलं जातं.

प्रश्न : लांजा भागात आमचा ट्रॅक्टर चिखलणीला लागतो आणि लावणी झाली की दिवाळीपर्यंत उभा. दरवर्षी क्लच धरतो. पेडल दाबून ठेवलं तर स्प्रिंग कमजोर होते म्हणतात, खरं का? — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

चांगल्या स्प्रिंगला चार महिने दाबून ठेवल्याने म्हणण्यासारखं काही होत नाही, जुनी प्रेशर प्लेट आधीच थकलेली असेल तर ती गोष्ट वेगळी. धरलेला क्लच सोडवायला जो त्रास होतो त्यापेक्षा ठोकळा लावून पेडल दाबून ठेवलेलं कधीही बरं.

पण तुमचं खरं दुखणं दुसरीकडे असणार. बेल हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, आत आलेलं तेल-पाणी बाहेर पडावं म्हणून, बऱ्याच ट्रॅक्टरला त्यात स्प्लिट पिन लोंबत असते, हलत राहून ती भोक मोकळं ठेवते. चिखलणीच्या आधी चिखल आत जाऊ नये म्हणून त्या जागी प्लग लावतात, आणि लावणी झाल्यावर तो काढायचा राहतो. आत गेलेलं पाणी मग तिथेच, सगळा श्रावण-भाद्रपद. किंवा प्लग लावलेलाच नसतो आणि भोक चिखलाने बुजतं, परिणाम तोच. तर चिखलणी संपली की पहिलं काम, प्लग काढा, तारेने भोक मोकळं करा, ट्रॅक्टर धुतल्यावर उन्हाचा एखादा दिवस बघून तासभर चालवा, क्लच दाबत-सोडत. मग शेडमध्ये लावा, जमिनीला ओल असेल तर चाकांखाली फळ्या टाका, पेडलला ठोकळा. पंधरा दिवसांनी एकदा चालू करून चार पावलं पुढे-मागे केला तर सोन्याहून पिवळं.

प्रश्न : ट्रॅक्टर आजोबांच्या नावावर, ते वारले, आरसी बुकाची मुदत पण संपलीय. रस्त्यावर आणायचा तर? — एक वाचक, फलटण

दोन वेगळी कामं आहेत, एकात एक मिसळू नका. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि बाकी वारसांची संमती. चुलते-आत्या असतील तर ती सह्यांची फेरी आधी करा, क्लचपेक्षा तीच जास्त वेळ खाते. दुसरं म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण. शेतीचा ट्रॅक्टर बिगर-वाहतूक गाडीत मोडतो, पहिली नोंदणी पंधरा वर्षांची आणि नंतर पाच-पाच वर्षांनी वाढवायची, त्याला फॉर्म २५. आरटीओत गाडी तपासणीला दाखवावी लागते, तेव्हा लाइट, ब्रेक, हॉर्न चालू पाहिजेत आणि चेसिस नंबर वाचता आला पाहिजे. रंगाऱ्याने त्या नंबरावर जाड रंग फासला की इन्स्पेक्टरसमोर पॉलिश पेपरने घासत बसावं लागतं, म्हणून रंगवताना तेवढ्या जागेवर टेप लावायला सांगा. फी आणि दंडाचा आकडा तुमच्याच आरटीओत विचारा. आणि विमा काढल्याशिवाय फाट्यापर्यंतसुद्धा नेऊ नका.